मुक्या मैदानातलं घोंगडं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज आवळणं. पायथ्याची दोरी सैल पडून मध्ये झोळी झाली होती. मी लाकडाला पाय लावून दोरी ओढायचो आणि ओढलेली दोरी ती धरून ठेवायची. निम्मी आवळून झाली असेल, तेवढ्यात नदीपलीकडून वाऱ्यावर कर्ण्याचा आवाज आला. कुठल्यातरी गावची जत्रा होती, कुस्त्या चालू होत्या. तिनं दोरी सोडून दिली.

"अगं, धर की!"

"थांबा वं. तात्या बोलत्याती."

"तात्या काय पळून चाललाय? माझी दोरी सुटली."

"दोरी उद्या बी हाय," म्हणाली, आणि कानावरचा पदर मागं सारून नदीकडं तोंड करून उभी राहिली. डोळे मिटलेले.

बाज निम्मीच राहिली. चौथ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली. पाणी द्या म्हणाली. मी तांब्या घेऊन आलो तर पाणी प्यायला कुणी नव्हतं.

हे मी आमच्या मांडवगणच्या आळीतल्या बायांसाठी लिहितोय. तुम्ही मला आल्यापासून विचारताय, आबा तिकडं काय झालं, आणि दर वेळी मी निम्मं सांगून उठून जातो. माझी शाळा चौथीपर्यंत. कुणाची तरी सून वाचून दाखवील.

तात्या म्हणजे येसू तात्या, हे तुम्हाला सांगायला नको. पण पुढं कुणी नवं माणूस वाचील म्हणून लिहितो. तात्या कुस्तीच्या मैदानात माईकवर बोलायचे. स्वतः पैलवान नव्हते, वाऱ्यानं उडेल एवढंच शरीर. पण शिरूर-दौंडकडच्या जत्रेत तात्या नसले तर मैदान भरायचं नाही. आपल्याकडं बाया मैदानात जात नाहीत. भोवतालच्या घरांच्या छपरांवर पाठमोऱ्या बसतात आणि ऐकतात. एवढ्या बाप्यांत छपरावर कुणी बसलंय, हे ध्यानात असायचं एकट्या तात्यांच्या. कुस्ती लागली की पहिलं म्हणायचे, "छपरावरच्या माऊल्यांनो, ऐकताय नव्हं? तुमच्यासाठी सांगतो. लाल लांगवाला डाव्या अंगाला, निळा उजव्या." मग कुस्ती अशी सांगायचे की मिटल्या डोळ्यांना दिसावी. हिचा भाऊ भिवा नावाजलेला पैलवान. पोरवयात ही त्याला बदाम वाटून द्यायची, त्यामुळं डाव सगळे तोंडपाठ. मी मैदानात पुढं बसून घरी यायचो आणि कुस्ती कशी झाली हे ती मला सांगायची.

आता माझं पाप सांगतो. बऱ्याच वर्षांमागं आपल्या जत्रेला तिनं एक घोंगडं इनाम द्यायचं ठरवलं. धनगराची लेक, लोकर तिनं स्वतः कातली होती. म्हणाली, "शेवटच्या कुस्तीला द्या. तात्यांना म्हणावं, माझं नाव घ्या. मी छपरावर हाय." मी घेऊन गेलो. तात्यांनी माईकवर हात ठेवून विचारलं, "कुणाचं नाव घेऊ?" शेजारी सगळी आपली मंडळी, मिशीवाली. बायकोचं नाव कर्ण्यावर? माझ्या तोंडातून माझंच नाव गेलं. तात्यांनी पुकारलं, "म्हादू आबांकडून घोंगडं!" टाळ्या पडल्या.

घरी आलो तर भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "चांगल्या अंगावर गेलं का?" बस. पुन्हा कधी तिनं काही इनाम दिलं नाही, कधी बोलली नाही.

तिच्या दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, भाग्याची, काही राहिलं नव्हतं तिचं. राहिलं होतं. मला ठाऊक होतं, कावळ्याला नव्हतं. त्याच घाटावर बातमी आली की तात्या गेले. मग काय, दहावा माझ्या बायकोचा आणि सगळे तात्यांचं बोलायला लागले. मला राग आला. मागनं वाटलं, ती असती तर तिनंही तेच केलं असतं.

पुढं महिन्यानं एसटीडीच्या खोक्यावर भिवाचा फोन आला. त्यांच्या गावी तात्यांच्या नावानं मैदान भरणार. तिनं कातलेलं सूत फडताळात पडून होतं. त्याचं घोंगडं मी सनगराकडून विणून घेतलं आणि निघालो. तिचं नाव पुकारून घ्यायचं, एवढंच काम.

नदीपलीकडं

भीमेच्या काठावर पोचलो तेव्हा सकाळ होती आणि धुकं एवढं की पलीकडचा काठ पुसून टाकल्यासारखा. पाणी हलत नव्हतं. होडीत पाच-सहा माणसं, त्यातला एक तरकारीवाला आपला आपणच तात्यांसारखं बोलत होता, "उचलला... उचलला... आन् हे काय, हातातनं मासा निसटावा तसा निसटला गडी!" होडीवाला म्हणाला, "आवाज बसला न्हाई अजून तुझा. तात्या 'मासा' म्हणायचं तवा ओला वाटायचा." मधोमध आल्यावर दोन्ही काठ दिसेनासे झाले. तेव्हा मला खुळ्यासारखं वाटलं, की ती एका काठावर उभी आहे आणि कुठल्या काठावर ते आठवलं पाहिजे.

उतरताना माझा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. घोंगडं डोक्यावर धरलं होतं म्हणून वाचलं. एक चप्पल भीमेनं ठेवून घेतली. केडगावला दुसरी घेईपर्यंत एका पायानं अनवाणी फिरलो. लोकांना वाटलं नवस असेल.

भिवाचं गाव केडगावपासून तासाच्या वाटेवर. आता गुडघ्यानं अधू झालाय, पण कान अजून पैलवानाचे, मोडून गड्डा झालेले. त्याच्या सुनेनं हुलग्याचं माडगं दिलं. आपल्याकडं माडग्यात गूळ घालतात, तिकडं मीठ आणि लसूण. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी हिनं तसं खारं केलं होतं आणि मी वाटी सरकवली होती. आता दोन वाट्या खाल्ल्या. चांगलं लागतं. उगीच सरकवली.

जेवताना भिवानं विचारलं, "दाजी, कर्ण्यावर काय नाव घ्यायला लावणार?"

"काय म्हंजी? सोनाबाई."

भिवा घास थांबवून बघत राहिला. "सोनाबाई कोण?"

"तुझी भण."

"माझी भण ठकू. सोना तुमच्या आईनं केली. तांदळात अंगठीनं लिवली, झालं."

"चाळीस वर्षांवर ती सोनाच व्हती माझ्या घरात."

"तुमच्या घरात व्हती. हितं छपरावर बसली तवा ठकी व्हती. हितं सोना म्हणलं तर कुतरं मान वर करायचं न्हाई."

माझा पारा चढला. म्हणालो, "माझ्या आईनं ठेवलेलं नाव हाय ते." तर तो म्हणाला, "आन् माझ्या आईनं काय केलं व्हतं?" दोघं म्हातारे अंगणात पाठीला पाठ लावून बसलो. सून दोघांना चहा देऊन हसत आत गेली.

दौंड

मैदानाचा माईक दौंडच्या गुलाबभाईंचा असतो असं कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी शटलनं दौंडला गेलो. भिवाही आला, रागातच. दौंड म्हणजे सगळी रेल्वे. आपल्याकडं कोंबडा आरवतो तसं तिकडं इंजिन ओरडतं, आणि बाया त्याच्या वेळेवर डाळ शिजायला टाकतात. गाड्या येतात, थांबतात, इंजिन सोडून दुसऱ्या तोंडाला लावतात आणि आलेली गाडी आल्या दिशेनं निघून जाते. मी पुलावर उभा राहून ते बराच वेळ बघितलं. माणसाला तसं करता आलं असतं तर, असं वाटत राहिलं. भिवा म्हणाला, "दाजी, चला, इंजिनाला नजर लागंल."

गुलाबभाईंचं दुकान म्हणजे कर्णे, वायरी आणि लग्नाच्या माळा. दाढी पांढरी, बोटं वायरीनं काळी. आत सात-आठ माणसं बाकड्यावर गप बसली होती. मला वाटलं मयत झाली. तर ती तात्यांना ऐकायला आली होती.

"रोज येत्यात," गुलाबभाई म्हणाले. "तीस साल त्यांचा आवाज माझ्या मशीनीतनं गेला. आन् माझ्याकडं राहिलाय किती? दोन मिनिटं." त्यांनी टेपचं बटण दाबलं.

खर्र झालं. मग तात्या आले. "छपरावरच्या माऊल्यांनो, ऐकताय नव्हं? तुमच्यासाठी सांगतो. ह्यानं पट काढला, त्यानं पाय मागं घेतला, माती उडाली बघा, माझ्या धोतरावर आली..." बाकड्यावर एक रेल्वेचा निळ्या शर्टातला माणूस होता, त्यानं डोळे मिटून घेतले. मीही मिटले. खरं सांगतो, मला कुस्ती दिसली नाही. मला बाजेपाशी उभी राहिलेली ती दिसली. आणि तेवढ्यात टेपमधून दुसराच कुणी ओरडला, "मुलाच्या मामांकडून पातेलं!"

"लगीन भरलं गेलं वर," गुलाबभाई म्हणाले. "कॅसेट पुरवून वापरायची सवय. मला काय ठाव, हा माणूस मरंल." कपाळावर हात मारून घेतला. मग सगळ्यांना बेकरीची नानकटाई वाटली आणि निळ्या शर्टानं म्हटलं, "लावा पुन्हा, पातेल्यापर्यंत."

मी घोंगड्याचं सांगितलं. ते ऐकता ऐकता गुलाबभाईंचा चेहरा उतरला.

"आबा, उद्या कुणी बोलणार न्हाई. कमिटीनं ठरवलंय. मुकं मैदान. तात्यांच्या खुर्चीवर फेटा, माईकला हार. जोडी आन् इनाम फळ्यावर खडूनं लिवायचं."

"लिवायचं?" मी म्हणालो. "तिला वाचता येत न्हवतं."

"आता तर काय..." बाकड्यावरचा एक जण बोलायला गेला आणि थांबला. आता तर ती नाहीच, असं त्याला म्हणायचं होतं. मला कळलं. पण नसली म्हणून काय झालं? नसलेल्या तात्यांसाठी गाव मुकं बसणार होतं, मग माझ्या नसलेल्या माणसाचं नाव का नाही?

परतताना शटलमध्ये चाकांचा आवाज तात्यांसारखा यायला लागला. उचलला, उचलला, उचलला. त्या नादात दोघांचाही डोळा लागला. जागे झालो तेव्हा केडगाव मागं जाऊन गाडी यवतला उभी होती. टेम्पोत कांद्याच्या पोत्यांवर बसून मागं आलो. पोत्यावर भिवा म्हणाला, "लहानपणी ती कौलावर बसायची नव्हं, तवा चिंचोके खायची. मी हरलो की चिंचोका माझ्या डोक्यावर फेकायची." मी म्हणालो, "मला कधी सांगितलं न्हाई." भिवा म्हणाला, "तुम्ही कधी हरला न्हाईत ना तिच्याम्होरं."

मुकं मैदान

मैदान मोठं भरलं होतं. लाल माती हळद, ताक, तेल घालून मळलेली, दुरून वास येत होता. हलगी पालथी ठेवली होती. मधल्या खुर्चीवर तात्यांचा गुलाबी फेटा आणि पुढं झेंडूचा हार घातलेला माईक. कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि आवाज नाही, असं मी जन्मात बघितलं नव्हतं. शड्डू ठोकल्याचा आवाज यायचा, मग श्वास, मग माती घसरल्याचा. फळा घेऊन दोघे जण रिंगणाला फेरी मारायचे, लोक वाचायचे आणि मान हलवायचे. कुस्ती निकाली झाली की सगळे एकदम हात वर करायचे, पण टाळी नाही. धूळ वर जाऊन उन्हात थांबायची. पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं, मेल्यावर असंच असेल. सगळं दिसतं, कुणी सांगत नाही.

मग छपरांकडं बघितलं. बाया नटून आल्या होत्या, रीतीप्रमाणं पाठमोऱ्या. त्या वाट बघत होत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आज मुकं आहे म्हणून. एकीनं दुसरीला विचारलं, "सुरू झालं का?" दुसरी म्हणाली, "कर्णा बिघडला वाटतं." थोड्या वेळानं एक उठली, लुगडं झटकलं आणि शिडीनं उतरायला लागली. तिच्या मागं आणखी दोघी.

मी पंचाकडं गेलो. घोंगडं पुढं केलं. पंच मऊ आवाजात म्हणाला, "आबा, शेवटच्या जोडीला लावू. नाव सांगा, फळ्यावर झकास लिवतो."

"पुकारायचंय."

"आज न्हाई. तात्यांचा मान हाय."

मी गुलाबभाईंकडं बघितलं. ते मशीनीपाशी खाली बसले होते. त्यांनी बोट दाखवलं. मशीनीवर बारका तांबडा दिवा लागलेला होता. हळूच म्हणाले, "मला बंद करा म्हणले व्हते. हात धजला न्हाई."

पुढचं मी ठरवून केलं नाही. मी माईकपाशी गेलो, हार बाजूला सारला, तर कर्ण्यातून खर्र झालं आणि सगळं मैदान माझ्याकडं वळलं.

पंच धावत आला. "आबा, बोलायचं न्हाई! ठरलंय!"

"तुमचं ठरलंय," मी म्हणालो. "छपराला इचारलं का?"

ते कर्ण्यावरून गावभर गेलं. मैदानात खसखस पिकली. शिडीवरची बाई तिथंच थांबली.

पंचही थांबला. मी घोंगडं वर धरलं. "हे घोंगडं. शेवटच्या कुस्तीला. हिच्याकडून."

"हिच्याकडून म्हंजी कुणाकडून, आबा?" मागनं कुणीतरी ओरडलं. हसू उसळलं.

लग्नात घास भरवताना एकदाच तिचं नाव घेतलं होतं, तेही लोकांनी अडवलं म्हणून. पुढं सगळा जन्म 'अगं' आणि 'ऐकलं का'. तोंडात सोना होतं. रात्रभर तेच घोकलं होतं. समोर भिवा बसला होता, मोडक्या कानांचा, माझ्याकडं न बघता मातीकडं बघत. आणि त्याच्या वर कुणाचं तरी कौलारू छप्पर.

"ठकूकडून," मी म्हणालो. "माझ्या घरात तिला सोना म्हणत व्हते. पण ठकूकडून. लोकर तिनं कातली. मागं एकदा तिनं दिलं आन् मी माझं नाव सांगितलं. ते खोटं व्हतं."

आता कुणी हसलं नाही. छपरावरून एका म्हातारीचा चिरका आवाज आला. ती पूर्ण वळून उभी राहिली होती, रीत सोडून.

"कोण ठकी? भिवाची?"

"व्हय!"

"चिंचोकेवाली? अगं बया! कुठंय ती? आली न्हाई व्हय?"

माईक पुढ्यात होता. भिवानं मान वर केली.

"न्हाई," मी म्हणालो. "ती गेली. दोन महिनं झालं."

म्हातारी खाली बसली. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवलेला मला दिसला. मला वाटलं, झालं काम, उतरावं आता. मी पाऊल उचललं तर पुन्हा वरून आवाज आला, भरलेला पण जोरात:

"थांबलास का रं बाबा? सांग की पुढं. कोण कुठल्या अंगाला हाय?"

मी पंचाकडं बघितलं. त्यानं फळा खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

मग मी सांगितली. शेवटची कुस्ती, जशी जमली तशी. "छपरावरच्या माऊल्यांनो. लाल लांगवाला डाव्या अंगाला हाय. न्हाई, माझ्या डाव्या. तुमच्या उजव्या. थांबा, आता फिरले." मैदान पोट धरून हसलं. मला डावांची नावं येईनात, सगळी तिला ठाऊक होती. तर भिवा रांगत माईकखाली आला आणि खालून नावं सांगायला लागला. "पट म्हणा दाजी. पट. आता लपेट. अहो लपेट, लपंडाव न्हाई!" मी बोलत राहिलो. शिडीवरच्या बाया पुन्हा वर चढल्या. मला वाटतं तात्या असते तर त्यांनी मला कानाला धरून उतरवलं असतं. पण आधी सगळं ऐकून घेतलं असतं.

निळा जिंकला. घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. घामाला लोकर टोचली असेल, पण त्यानं ते काढलं नाही. चांगलं अंग होतं.

सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होडीनं आलो. धुकं नव्हतं, दोन्ही काठ दिसत होते. घरी आल्यावर चहा केला नाही, बाज अंगणात ओढली आणि लाकडाला पाय लावला. दोरी ओढता येते, पण ओढलेली धरायला दुसरं माणूस लागतं. कुडापलीकडं आपल्या हौसा वहिनी भांडी घासत होत्या. त्यांना हाक मारली.

"वहिनी, जरा या. ठकूची बाज आवळायचीय. दोरी धरा."

"कुणाची म्हणालात, भावजी?"

"ठकूची."

वहिनींनी माझ्याकडं नीट बघितलं. मग हात पदराला पुसले आणि येऊन दोरी धरली.